भिंतीपासून लांब, एकाच बाजूला

तमाम नगरजनांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ठोकळा भिंतीला चिकटला की वळत नाही. वळवायचा तर आधीच, मोकळ्यावर. आणि वळतो तो एकाच बाजूला. डावीकडं तोंड हवं असेल, तर उजवीकडं तीनदा फिरवा.

हे ज्ञान मला शहागंजात घेतलेल्या हातातल्या व्हिडिओ गेमनं दिलं. नामांतराचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद. वाळूजला नेणारी कंपनीची बस आली तर आली. नाही आली की मी सिडकोतल्या खोलीत पडून ठोकळे वळवत राहायचो. डोळे मिटले तरी ते पडतच असायचे. पुढंपुढं तर अख्खं शहरच वरून तरंगत यायचं. कारखान्यांच्या शेड, एसटी, दौलताबादचा किल्ला. मी अंगठा हलकेच दाबायचो आणि सगळं आवाज न करता एकमेकांत जाऊन बसायचं.

अशाच एका दुपारी सासरे कन्नडहून टेम्पोत लोखंडी कपाट अन् दोन हमाल घेऊन आले. लेकीला द्यायचं राहून गेलेलं. गोधड्यांत गुंडाळून सुतळीनं करकचून बांधलेलं. दुसऱ्या दिवशी बंद, त्यामुळं टेम्पोवाल्याला घाई. आणि कपाट दारातच अडकलं.

"नाय जात," सासरे म्हणाले. "नेतो परत. जावईबापूंनी मोठं घर घेतलं की आणू."

बायकोचा चेहरा उतरला. लग्नापासून तिचं सगळं माझ्या पत्र्याच्या पेटीत कोंबलेलं होतं.

मी डोळे मिटले. कपाट तरंगू लागलं.

"मागं घ्या! अंगणात! भिंतीपासून लांब!" मी गरजलो. "आता उजवीकडं फिरवा. अजून. अजून एकदा!"

"साहेब, एकदाच डावीकडं फिरवलं तर?" हमाल घामाघूम झालेला.

"डावीकडं वळत नसतं!"

सासऱ्यांनी लेकीला हळूच विचारलं, "पोरी, हे असे कधीपासून?"

पण कपाट गेलं! दारातून अलगद सरकलं आणि पलंग अन् शेजाऱ्यांशी सामाईक भिंत यांच्या मधल्या फटीत असं बसलं, की तसूभर हलायला जागा नाही. गेममध्ये ओळ पूर्ण भरली की नाहीशी होते, तशी ही होईल म्हणून मी क्षणभर वाटही पाहिली. सासऱ्यांनी पाठ थोपटली, हमालांना घेऊन टेम्पो निघून गेला.

बायकोनं हसतहसत गोधड्या सोडल्या. समोर कपाटाची सपाट, करडी पाठ. दार भिंतीकडं.

"अहो," ती ओरडली, "आता साड्या काय शेजारणीच्या घरातून ठेवू?"