विरोधातला एक हात

हातवाल्या आक्काबद्दल लिहायचं मी आजवर टाळलं. विचारणाऱ्यांना एकच सांगत आलो: ग्रामसभेत गोंधळ झाला आणि ती पडली. ती पडली नव्हती.

देवणीकडच्या आमच्या गावात ठराव हात वर करून मंजूर होतात. सरपंचानं 'विरोधात कोण?' विचारलं की बायकांमधून एकच हात ताडकन उठायचा आणि त्यातल्या हिरव्या बांगड्या खळखळत कोपराकडे घसरायच्या. नवऱ्यानं तिला टाकून जमाना झाला होता. बांगड्यांवरून कुणी टोमणा मारला तर म्हणायची, "तो मेल्याची बातमी आणलीस का? न्हाई ना? मग गप बस."

तो हात नुसता वर जात नसे. रेशन दुकानदारानं मापात मारलं, तेव्हा तिनं त्याचंच लोखंडी वजन उचलून त्याच्या कपाळात घातलं. कपाळातलं रक्त डोळ्यांवर ओघळलं तसा तो शिव्या देत पळाला. आक्का तराजूशी उभी राहून रांगेला म्हणाली, "या गं, आता माप बरोबर पडंल."

मी सरपंच असताना निराधार योजनेच्या सभेत ठराव मांडला: ज्यांना मुलगा आहे, त्या म्हाताऱ्यांची नावं काढायची. त्या जागी मला माझी माणसं घुसवायची होती. योजनेच्या पैशाला आमच्याकडे पगार म्हणतात. पगार जाणार म्हणून म्हाताऱ्या रडू लागल्या. आक्काला मूलबाळ नव्हतं, तिचा पगार कुठंच जात नव्हता. तरी तीच उठली, पुढे आली.

"पोरगा हाय म्हंजे आधार हाय का सरपंच? तुमची माय कुठं निजती, सांगा की सभेला. गोठ्यात, म्हशीपाशी! तिला तर दोन पोरं हाईत."

हशा पिकला. माझा धाकटा भाऊ लोखंडी खुर्ची उचलून धावला. पहिला घाव तिनं उजव्या हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज माईकमधून साऱ्या गावानं ऐकला. दुसरा घाव खांद्यावर बसला. ती कोसळली तरी तो मारतच होता. बांगड्यांच्या काचा मनगटात रुतून सतरंजी लाल झाली.

माईक माझ्या हातात होता. 'थांब' म्हटलं असतं तर तो थांबला असता. मी विचारलं, "विरोधात कोण?"

हात वर झाला नाही.

"सर्वानुमते मंजूर," मी म्हणालो.

पोलिसांना मी सांगितलं तेच गावानंही सांगितलं. आक्का कायमची भोकरला बहिणीकडे गेली, तिथंच गेल्या उन्हाळ्यात वारली. त्याआधी एकदाच मी तिच्याकडे गेलो होतो. तिनं डाव्या हातानं चहा पुढे केला. उजवा वाकडा सांधला होता, त्यात बांगडी नव्हती.

"बोला सरपंच," ती म्हणाली. "इथं सभा न्हाई. मी एकलीच हाय ऐकायला."

कप रिकामा होईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"चहा चांगला झालाय आक्का," मी म्हणालो आणि उठलो.