उभ्या बाई

बाईंनी आल्या दिवशी पहिलं काम केलं ते खुर्च्या बाहेर काढायचं. घाटनांदूरला खताच्या दुकानावर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या. बाई जिना चढून आल्या, पाणी प्यायल्या आणि बैठकीच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या खाली दुकानात नेऊन ठेवायला लावल्या. म्हणाल्या, "रोज सकाळी इथं उभ्यानं बोलायचं. थोडं बोलायचं आणि कामाला लागायचं."

मी म्हणालो, "बाई, आमच्यात आलेल्या माणसाला बसा म्हणतेत. उठा कुनी म्हनत न्हाई."

"तात्या, बसलं की बोलणं लांबतं. उभं राहिलं की कधी थांबायचं ते पाय सांगतात."

त्या दिवसापासून मी त्यांना उभ्या बाई म्हणायला लागलो. तोंडावर म्हणायचो. त्यांनी राग धरला नाही. मीही हट्टाला पेटलो आणि कितीतरी दिवस खिडकीच्या कट्ट्यावर बसून राहिलो. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. शेवटी मीच उठलो, कारण सगळे उभे आणि आपण खाली, म्हणजे सगळं बोलणं डोक्यावरून जातं. त्यांनी उठवलं म्हणून उठलो नाही, हे इथं लिहून ठेवतो.

मी मुळात ऊसतोडीचा मुकादम. शाळा दुसरीपर्यंत. पण उभी हयात टोळ्या घेऊन कारखान्यांवर गेलो. संस्थेला एक अ‍ॅप करायचं होतं. दसरा झाला की आईबापाबरोबर पोरं जातात आणि तिकडं फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत पडून राहतात. इथली शाळा म्हणते पोरगं गेलं, तिथल्या शाळेला आलेलं माहीतच नसतं. टोळी जिथं उतरेल तिथल्या मास्तराला पोराचं नाव फोनवर कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. टोळ्यांना माझी ओळख म्हणून मला घेतलं, आणि अ‍ॅप करणाऱ्या पोरांना वळण लावायला पुण्याहून या बाई आल्या. त्यांच्या पद्धतीला अजाईल का काय म्हणतात. मला ते नाव कधी जिभेवर बसलं नाही.

सकाळी त्या सगळ्यांना तेच विचारायच्या. काल काय झालं, आज काय करणार, अडलंय कुठं? पहिल्या दोन्हीला पोरं पटापट बोलायची. तिसऱ्याला गप्प. आमचा सुमेध तर, "काही नाही मॅडम, सगळं ठीक," म्हणायचा आणि दिवसभर डोकं धरून बसायचा.

मी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, "तुमी दम कावून देत न्हाईत? माझ्या फडात असं चाललं नसतं."

"दम दिला की माणूस अडलेलं लपवतो, तात्या. मला लपवलेलं नको."

हे मला तेव्हा पटलं नाही. आजही सगळं पटलंय असं नाही. पण त्या रोज स्वतःपासून सुरुवात करायच्या. "माझं काल चुकलं, मी सुमेधला नको ते काम दिलं," असं सगळ्यांसमोर सांगायच्या. चारचौघात मुकादम चुकलो म्हणतो, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. थोड्याच दिवसांत सुमेध आपणहून सांगायला लागला की अडलंय.

दर दुसऱ्या शुक्रवारी झालं तेवढं काम लोकांच्या हातात द्यायचं, अर्धंमुर्धं असलं तरी. मी कांताबाईला बोलावून आणायचो. कांताबाई आमच्याच टोळीतली, पोरगी पूजा चौथीत. सुमेध फोन हातात धरून सगळं समजावून सांगायचा. कांताबाई पदर सावरून म्हणायची, "लई छान हाय." पोरं खूश. आता कुणी मायेनं केलेली वस्तू दाखवली तर आमच्याकडं तोंडावर वाईट कोण म्हणणार? भाजी खारट झाली तरी आम्ही चांगली झाली म्हणून दुसऱ्यांदा घेतो.

बाईंच्या ते ध्यानात आलं. पुढच्या खेपेला त्यांनी कायदाच केला. "हात मागं, तोंड बंद. फोन कांताबाईंच्या हातात राहील. आपण फक्त बघायचं. कसं आहे, हे विचारायचं नाही."

कांताबाईनं फोन घेतला. पडद्यावर नाव लिहा, जन्मतारीख लिहा, पत्ता लिहा. तिनं बोट वर केलं, खाली केलं. सुमेधचा हात पुढं गेला, बाईंनी मागून त्याची कॉलर धरली. कांताबाईनं फोन हळूच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "छान हाय. पर मला जाऊ द्या, चूल पेटवायचीय."

ती जिना उतरल्यावर सुमेध तडकला. "त्यांना वाचता येत नाही, त्याला मी काय करू?"

"कांताबाई नापास नाही झाल्या," बाई म्हणाल्या. "आपलं पान नापास झालं. उद्या नवं करू."

दोघं भांडले, चहा प्यायले, पुन्हा भांडले. शेवटी लिहायचं सगळंच उडवलं. एक बटण दाबायचं आणि बोलायचं.

दसरा जवळ आला तसे संस्थेचे पुण्याचे साहेब आले. त्यांना रंगीत नकाशा हवा होता, टोळ्यांचे फोटो हवे होते. भिंतीवर कामाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असायच्या. साहेबांनी आपल्या चिठ्ठ्या सगळ्यात वर लावल्या. बाईंनी त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक काढली. पोराचं नाव, कारखान्याचं गाव, मुकादमाचा फोन, एवढ्याच ठेवल्या.

"देणगीदारांना मी दाखवू काय?" साहेब म्हणाले.

"शाळेत बसलेलं पोरगं दाखवा. नकाशा टोळ्या गेल्यावरही काढता येईल. गेलेलं पोरगं मागं आणता येत नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी जाते. सुमेध आणि ही पोरं इथंच राहतील."

बाईंचा आवाज चढला नाही. साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "माझ्याकडं बघून फायदा न्हाई साहेब. मी बी उभाच हाय."

टोळी निघाली त्या सकाळी आम्ही ट्रॅक्टरपाशी गेलो. भांडीकुंडी, शेळ्या, वर पोरं. कांताबाईनं बटण दाबून सांगितलं, "पूजा. चौथी." आणि गावाचं नाव. सुमेध हात मागं बांधून उभा होता, कुणी न सांगता.

मग तिकडून कुणाचाच फोन येईना. रोज सकाळी बाई विचारायच्या, "अडलंय कुठं?" सुमेध म्हणायचा, "तिकडच्या शाळेकडून उत्तर नाही." बाई म्हणायच्या, "मग आज काय करणार?" तो शाळेला फोन लावत सुटायचा. बाईंनी आपली बॅग भरून ठेवलेली मी पाहिली होती.

एका दुपारी माझा फोन वाजला. कांताबाई.

"तात्या, मास्तर आलते कोपीवर. पूजीचं नाव घेतच आले. उद्यापास्नं येती म्हणलं."

मी सुमेधला सांगितलं तर तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. बाई म्हणाल्या, "छान. बाकीच्या टोळ्यांचं काय?" खरंच, बऱ्याच टोळ्यांची पोरं अजून शाळेबाहेरच होती. लगेच त्यांची चिठ्ठी लागली.

त्यानंतर बाई मागं सरकायला लागल्या. आधी खोलीच्या कोपऱ्यात, मग दारात, मग जिन्यात. एके सकाळी बैठक झाली, सुमेधनंच सगळ्यांना अडलंय कुठं विचारलं, पोरं कामाला लागली. बाहेर बघतो तर बाई बॅग घेऊन जिना उतरत होत्या.

मला राग आला. "आता तर जमलं. आता कावून निघालात? काम आर्धंच हाय."

"माझं झालं, तात्या. आजची बैठक मी नसताना झाली."

"आमच्यात असं सोडून जात न्हाईत."

"मुकादम गेला की टोळी फुटते, हे तुम्हीच सांगता ना? मला तशी टोळी नको होती."

बॅग मी एसटीपर्यंत नेली. त्या नको म्हणत होत्या, पण मी दिली नाही.

आता माझे गुडघे गेलेत. परवा सुमेध खालून एक खुर्ची घेऊन आला. "तात्या, तुम्ही तरी बसा." मी ती आल्या पावली खताच्या दुकानात परत पाठवली. कडा गावाकडची एक टोळी गेली आणि तिच्या पोरांची नावं अजून कुठल्याच शाळेत पोचली नाहीत. हे अडलेलं उद्या सकाळी मला सांगायचंय, आणि ते उभ्यानंच सांगायचं असतं.