कोपीला लागलेली आग

आमच्या संगणकाच्या क्लासमधल्या सरांना 'कोपी' हा शब्द ठाऊक नव्हता. राहायला श्रीगोंद्यात, खिडकीतून साखर कारखान्याचं धुराडं दिसतंय, तरी! डिप्लोमासाठी मी एक खेळ लिहिला आणि त्याला इंग्रजी अक्षरांत 'कोपी' नाव दिलं. सर म्हणाले, "अगं, कॉपीचं स्पेलिंगसुद्धा येत नाही?" आणि स्वतःच्या हातांनी दुरुस्त करून मोकळे झाले. ऊसतोड्यांची पाचटाची झोपडी म्हणजे कोपी, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून, देवळात शिरल्यासारखं जायचं.

खेळ असा होता: पडद्यावर कोप्यांची वस्ती, आणि थंडी, भूक, पाणी सांभाळत ती हंगामभर जगवायची. सगळा जीव मी आगीवर ओतला होता. शेजारची कोपी पेटली आणि वारा इकडे वाहत असला की ही पेटणार. पाचट दवानं ओलं असेल तर जरा उशिरा. आणि शेवटचा नियम, बाहेर पळालेल्या माणसाची बाजरी आत राहिली असेल तर तो पुन्हा आत वळणार.

कारण माझा बाप वळला होता. पाथर्डीकडून हंगामासाठी आणलेलं बाजरीचं पोतं काढायला. मी तेव्हा शाळेत होते. आई बाहेर उभी राहून ओरडत राहिली. तो परत आलाच नाही.

सरांनी खेळ चालवून बघितला. "हा माणूस उलटा का जातोय?"

"बाजरी आणायला, सर."

"आग लागल्यावर कुणी आत जातं का? डोकं ठिकाणावर आहे ना? बग आहे हा. काढ, नाहीतर प्रोजेक्ट पास करणार नाही."

डोंबलाचा बग! पण डिप्लोमा हुकला तर आईच्या मागे कोयता घेऊन उसाच्या फडात जायचं होतं. काढला मी तो नियम. खोडायला वेळ तो कितीसा लागतो? माझा बाप चूक म्हणून निघाला आणि मला पहिला वर्ग मिळाला. त्या सरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

आई तेव्हा काष्टीकडे तोडीला होती. पोरगी पास झाली म्हटल्यावर बाजाराच्या दिवशी हट्टानं क्लासला आली. "दाव की गं बाय, काय केलंस त्ये." मी टाळत होते, पण ती ऐकेना. शेवटी हे चौकोन म्हणजे कोप्या, हे ठिपके म्हणजे माणसं, असं समजावलं आणि खेळ लावला.

वारा सुटला. कोप्या एकामागून एक पेटल्या. ठिपके बाहेर पळाले, विहिरीपाशी जाऊन थांबले. आत कुणीच वळलं नाही. खोटारडा खेळ! मला शरमेनं वर बघवेना.

आईनं पडद्याच्या काचेवर बोट टेकवलं. "ह्यो कडंचा, आपल्या कोपीतला का गं?"

"व्हय."

"निघाला की."

तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला.

"पुन्यांदा लाव," ती म्हणाली.