आप्पांना माळढोक दाखवायचा होता

जैसलमेरच्या पलीकडं, सरहद्दीकडं जाणाऱ्या रस्त्यावर, वाळवंटातलं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथं मी पहिल्यांदा गेले ते नवऱ्याला भेटायला म्हणून. ते तेव्हा फौजेत होते आणि त्यांची बदली तिकडं झाली होती. बेळगावच्या शहापूर भागातल्या ज्या साडीच्या दुकानात मी काम करते, तिथून आठ दिवसांची रजा काढली आणि बेळगावातून जोधपूरच्या गाडीत बसले. पुढं दुसरी गाडी. पोचले तेव्हा अंगातलं हाड न् हाड बोलत होतं.

त्यांना एकच दिवस सुट्टी मिळाली. म्हणाले, "चल, तुला उद्यान दाखवतो." उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं आमच्याकडची बाग आली. हिरवळ, कारंजं, बाहेर भेळेची गाडी. जीप थांबली तिथं नजर जाईल तिथवर पिवळं गवत, मधूनच रुईची झुडपं आणि वारा.

"एवढ्या लांब आणून हे दाखवलंत व्हय?" मी म्हणाले. ते हसत सुटले.

आमच्याबरोबर वनखात्याचा एक पहारेकरी होता. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, डोक्याला मळका साफा. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि आम्हाला एका खेजडीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाच्या सावलीत खाली बसवलं. तास झाला असेल. मी कंटाळून वाळूत रेघोट्या ओढत होते, तेवढ्यात त्यानं माझ्या बांगड्यांवर हात ठेवून त्यांचा आवाज थांबवला. समोरच्या गवतातून एक पक्षी चालत येत होता. शेळीएवढा उंच, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. घाई नाही, भीती नाही. एखादा मोठा जमीनदार आपलं रान बघायला निघावा तसा. दहा-पंधरा मिनिटं तो आमच्यासमोर किडे टिपत राहिला आणि गवतात दिसेनासा झाला. माझ्या डोळ्यांत पाणी का आलं ते मला आजही सांगता येत नाही.

"गोडावण," पहारेकऱ्यानं हळूच त्याचं तिकडचं नाव सांगितलं. आता फार थोडे उरलेत, असंही म्हणाला.

परत आल्यावर मी निपाणीजवळच्या आमच्या गावी गेले. आप्पा, म्हणजे माझे वडील, तंबाखूच्या रानातून नुकतेच आले होते. मी त्यांना मोबाईलवर त्या पक्ष्याचा फोटो दाखवला. अगदी लांबून काढलेला, पक्षी नखाएवढा. आप्पांनी चष्मा पुसला, परत लावला.

"ह्यो माळढोक हाय की गं!"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"ल्हान हुतो तवा आमच्या वरल्या माळावर बघिटलाय. गुरं घिऊन गेलतो. मग माळ फुटला, नांगर लागला, आणि त्यो काय परत दिसला न्हाय." फोटो परत डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "मला न्हेशील काय गं तिकडं?"

आप्पांनी आयुष्यात माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नाही. मी हो म्हणून बसले.

पण नवऱ्याची बदली तोवर दुसरीकडं झाली होती. एकटीनं आप्पांना न्यायचं धाडस होईना. चारजण सोबत असले तर बरं, म्हणून मी लोकांना सांगायला सुरुवात केली. गिऱ्हाईक साडी बघत बसलं की मी घडी घालता घालता मोबाईल पुढं करायची. दुकानाचे मालक एकदा वैतागून म्हणाले, "बाई, साड्या विकतीस का वाळवंट?" वडगावात आमच्या गल्लीतल्या भिशीत मी अर्धा तास बोलले, तेव्हा एक बाई म्हणाली, "वाळू बघायला राजस्थानात कशाला जायला पायजे? आमच्या दारात घर बांधायलीत, तिथं ढीग पडलाय." सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले, पण घरी येऊन रडले.

शेवटी शेजारच्या आक्कांनी मला सावरलं. त्यांच्या घरी चार माग, दिवसभर खटखट. त्या म्हणाल्या, "मी येतो गं. जन्मभर ह्या आवाजात काढलोय. तू म्हणतीस तसली शांतता एकदा ऐकू दे." आक्का निघाल्या म्हटल्यावर गल्लीतल्या आणखी तिघी तयार झाल्या. त्यांतल्या एकीचा भाऊ कन्नड शाळेत मास्तर. त्या रानाबद्दल मी लिहिलेला कागद त्यानं कन्नडात करून दिला, तो वाचून त्याच्याच शाळेतले दोन मास्तर आले. असे आम्ही आठजण थंडीत निघालो. बरोबर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कुंदा या आमच्या बेळगावी मिठाईचे डबे.

तोच पहारेकरी भेटला. दोन दिवस आम्ही हिंडलो. चिंकारा दिसले, कोल्हा दिसला, आभाळात गिधाडं दिसली. माळढोक काही दिसेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पार खचले. लोकांना एवढं सांगून आणलं, आणि आप्पांना काय दाखवलं?

तिसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी पहारेकऱ्यानं आप्पांना हाक मारली. वाळूत तीन बोटांची ठसठशीत पावलं उमटली होती, ताजी. आप्पा गुडघ्यावर बसले. पावलाशेजारी वाळूवर त्यांनी आपला तळहात टेकला आणि बराच वेळ तसेच राहिले.

"आप्पा, मला माफ करा. दिसला न्हाय ओ," मी म्हणाले.

"आसूं दे की. हाय न्हवं त्यो? एवढं लई झालं." आणि मग, मी लहान असताना ठेवायचे तसा, डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझ्यामुळं आलो बग."

जरा पलीकडं आक्का डोळे मिटून उभ्या होत्या. कोणीच बोलत नव्हतं.

निघताना पहारेकऱ्याच्या बायकोनं आम्हाला बाजरीच्या गरम भाकरी बांधून दिल्या आणि आमच्या कडक भाकरी ठेवून घेतल्या. पहारेकरी मला म्हणाला, "लोकांना जरूर सांगा. पण थोडे आणा, आणि गप्प बसणारे आणा." त्याचं हे सांगणं मी आजवर पाळत आले आहे. दर थंडीत आठच माणसं नेते. निघण्याआधी सगळ्यांना आमच्या घरी बोलावते, चहा देते आणि मोबाईल बंद ठेवून अर्धा तास गच्चीवर गप्प बसवते. ज्यांना जमत नाही ते आपणहून मागं राहतात.

आप्पांचे गुडघे आता साथ देत नाहीत. पण गावात पारावर बसून ते माझ्यापेक्षा जास्त प्रचार करतात. गेल्या वर्षी त्यांच्या सांगण्यावरून निपाणीकडचं एक वयस्कर जोडपं माझ्याबरोबर आलं. त्या दोघांना पहिल्याच सकाळी माळढोक दिसला, तोही पिल्लासकट. त्यांनी तिथूनच आप्पांना फोन लावला आणि आनंदाच्या भरात कोणालाच नीट बोलता येईना. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. त्या रानाचे, त्या पहारेकऱ्याचे आणि हसणाऱ्यांतून उठून माझ्याबरोबर आलेल्या त्या पहिल्या माणसांचे आभार कसे मानावेत, ते मला तेव्हाही कळलं नाही.