अठरा मिनिटांचं सिनेमॅटिक

लग्न दोन माणसांचं नसून कॅमेऱ्याचं असतं, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या वाशिम जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझ्या धाकट्या मावसबहिणीचा नवरा आहे. मेडशीला त्यांचा व्हिडिओ स्टुडिओ आहे. घरात सगळे त्यांना जवाईबापू म्हणतात. मी गेले काही महिने मनात जे म्हणत होतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पत्रिका हातात पडली की ते मुहूर्त पाहत नाहीत, ऊन कुठून येईल ते पाहतात. अनसिंगच्या एका लग्नात अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, आणि हे ओरडले, "पुन्हा धरा अंतरपाट! फोकस हालला." सतरंजीवरच्या अक्षता वेचून वऱ्हाडाने त्या पुन्हा टाकल्या. जऊळक्याला त्यांनी नवरदेवाला रेल्वेच्या दारात उभं केलं. गाडी सुटली आणि अंगाला हळद लागलेला तो मुलगा तिकिटाविना वाशिमला पोचला. यावर यांचं म्हणणं, "पण शॉट काय आला!"

आमच्या मुलीच्या लग्नाआधी ते मोबाइलवर नमुने घेऊन आले. माझी बायको म्हणाली, "मले साधं पाह्यजे. कोन आलं, काय बोललं, सारं ऐकू आलं पाह्यजे."

"वहिनी, पाच घंटे कोन पाहीन? सिनेमॅटिक करू. अठरा मिनिटं. मांग गाणं."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मराठीचा निवृत्त मास्तर. स्पष्ट बोला, असं पोरांना जन्मभर शिकवलं. त्या दिवशी पेपरातून डोकं वर न काढता मी म्हणालो, "बघा तुम्हीच."

लग्नात आहेर चालू असताना या गृहस्थांनी कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून मला बाहीला धरून ओढत नेलं आणि पंगतीत बसवलं. आता माझ्या जेवणाचंही शूटिंग करणार, असं वाटून मी संकोचत चार घास खाल्ले. रागही आला.

लग्नानंतर चार महिन्यांनी माझी बायको गेली.

त्या अठरा मिनिटांत अकराव्या मिनिटाला ती थेट कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते. सात-आठ सेकंद असतील. ओठ हलतात, आणि वर बासरी वाजते. ती बासरी मी किती वेळा ऐकली असेल! आवाज बंद करून ओठ वाचायचा प्रयत्न केला. मुलीनेही केला. शेवटी मूळ चित्रण मागितलं, तर जवाईबापू म्हणाले, "कार्ड पुसलं, सर. सीझन होता."

तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यांना त्याचं काही नाही. दर रविवारी मावसबहिणीने दिलेला डबा घेऊन दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "जेवले काय, सर?" मी पुस्तकात डोकं घालायचो. ते डबा ठेवून निघून जायचे.

मागच्या रविवारी मात्र मी ओरडलो. इतक्या वर्षांत कोणावर ओरडलो नव्हतो. "तिने साधं मागितलं होतं! तुम्ही तिच्या तोंडावर बासरी वाजवलीत!"

ते खाली बघत म्हणाले, "बासरी मुद्दाम टाकली, सर. वहिनी मले झापून राह्यल्या होत्या. सिनेमॅटिकमधी ते कसं ठेवू?"

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"कानाले हेडफोन होता ना."

"काय म्हणाली?"

त्यांनी मान वर केली आणि हुबेहूब तिच्या स्वरात म्हणाले, "ओ जवाईबापू, तो गळ्यातला डब्बा ठेवा खाली! तुमच्या सरायले आधी जेवाले बसवा. सकायपासून उपाशी हायेत. ते मांगत नाहीत."

ते गेल्यावर मी अकरावं मिनिट पुन्हा लावलं. 'डब्बा' या शब्दाला तिचे ओठ मिटतात. सगळं बरोबर बसतं.

बासरीसाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. पुसलेल्या कार्डासाठी तर कधीच करणार नाही. पण आज रविवार होता. दारातून आवाज आला, "जेवले काय, सर?"

"नाही," मी पुस्तक मिटून म्हणालो. "काय आणलं डब्यात?"