सोलरच्या प्लेटेवरचं वाळवण

जवळ सरका, विहीणबाई. कागदावरच का होईना, पण जवळ सरका. एवढं काय तोंड फिरवून बसायचं? लेक दिलीय तुम्ही आमच्या घरात, कांद्याचं पोतं नाही दिलं, की एकदा टाकलं अन् विसरलं. पंचमीला लेकीला न्यायलाही तुम्ही आला नाहीत, पोराला धाडलंत. मी दारात उभी राहून बघत होते, मागून तुम्ही उतराल म्हणून.

बोलते आहे खरी, पण बोलायचं तोंड मला राहिलेलं नाही. ते कसं, हे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळू द्या.

आमचं गाव परळीच्या अलीकडं. वीज तिथं बनते अन् राख आमच्यावर पडते. लाईटचा भरवसा नाही म्हणून माझ्या पोरानं स्लॅबवर सोलरच्या प्लेटा बसवल्या. तो ट्रकवर असतो, घरी कमीच. प्लेटांचं सगळं सूनच बघायची. सकाळी ऊन तापायच्या आधी पाणी मारून राख धुवायची, मऊ फडक्यानं पुसायची. काच अशी व्हायची की त्यात केस विंचरावेत.

चैतात कुरडया घालायच्या, तर अंगणात बाजेवर घातल्या की राख बसते, दाताखाली कचकच लागते. मी वर गेले, ती लखलखीत काच बघितली अन् मला वाटलं, ही जागा वाळवणासाठीच केलीय. जुनं पातळ अर्ध्या प्लेटेवर अंथरलं, टोकं चौकटीला बांधली, सोऱ्यानं कुरडया पाडल्या. वरून ऊन, खालून तापलेली काच. दुपारपर्यंत कडकडीत. गल्लीभर सांगत फिरले, माझ्यासारखं डोकं कुणाचं चालत नाही म्हणून. मग दरसाल तेच, जिन्याजवळच्या त्याच प्लेटेवर.

ह्या वैशाखात तुम्ही आलात. रस केला होता, पोळ्या होत्या, कुरडया तळल्या होत्या. शेजारीणही पंगतीला होती. लाईट गेली. सोलरवरचा पंखा जरा फिरला अन् तोही थांबला. तुमच्या कपाळावरून घाम ताटात पडायला लागला अन् मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारीण म्हणाली, "काय वो, तुमचं सोलर बी गेलं व्हय?"

ती लाज मला गिळता आली नाही. मी ती तुमच्या लेकीच्या ताटात वाढली. म्हणाले, "आमच्या सूनबाईनं घासून घासून प्लेट मारली. माहेरात घासायलाच शिकवलंय, डोकं चालवायला कोण शिकवणार?"

तुम्ही ताट संपवलंत, अन्नाचा मान ठेवलात. मग हात धुतले, पिशवी उचलली, अन् वडवणीची गाडी आहे एवढंच बोललात. गाडीला लई वेळ होता.

प्लेटा बसवणाऱ्या माणसाला सुनेनं फोन केला. तो कुठं लांब कामावर अडकला होता. तिनं फोटो पाठवले. प्लेटेच्या खालच्या अंगाला तपकिरी डाग पडला होता, पाठीवरची डबी वितळली होती. त्यानं त्याच मापाची नवी प्लेट जीपमधून पाठवली, म्हणाला, मी आलो की बदलतो. मीही म्हणाले, थांब बाई, हे गड्यांचं काम. तर ही सरळ चेहऱ्यानं म्हणते, "मीच मारली ना आत्या, मग मीच बदलते." मला ती आत्या म्हणते. त्या आत्यापणाचा मी काय मान ठेवला, ते तुम्ही बघितलंच.

फोनवरून तिनं सगळं समजून घेतलं, त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. सकाळी वारा नाही बघून आम्ही तिघी वर गेलो, ती, मी अन् शेजारीण. आधी घरातलं इन्व्हर्टर बंद, मग स्लॅबवरच्या पेटीतला स्विच खाली. तरी तिनं प्लेटांवर जाड गोधड्या टाकल्या. स्विच बंद असला तरी प्लेटेला ऊन दिसलं की ती वीज करतच राहते म्हणे. मला पाटल्या अन् जोडवी काढायला लावली, स्वतःचं मंगळसूत्रही काढून देव्हाऱ्यात ठेवून आली होती. पायात रबरी चपला, हातात रबरी मोजे. स्लॅबला कठडा नाही, म्हणून कमरेला दोर अन् दोराचं टोक जिन्याच्या खांबाला. मीटर लावून बघितलं, मगच वायरींचे जोड सोडले, जमिनीत जाणारी वायर सोडली. मग पाना घेऊन प्लेट आवळून धरणारे चिमटे ढिले करत गेली.

खालचा चिमटा निघाला अन् चौकटीच्या खाचेतून कुरडईचा चुरा पडला. सालोसालचा, काळा पडलेला, मुंग्या लागलेला.

शेजारीण वाकून बघत म्हणाली, "अगं बया, ह्या प्लेटेला कुरडया बी लागत्यात का?"

मला हसता आलं नाही. अर्धी प्लेट झाकली की उन्हातली अर्धी वीज ढकलत राहते अन् झाकलेली तिथं तापून जळते, हे सुनेनं खाली मान घालून, पाना चालवतच सांगितलं. मी विचारलं, तुला आधीपासून ठाऊक होतं का?

"पहिल्याच साली म्हणलं होतं तुमाला. तुमी म्हणलात, ऊन काय तुझ्या बापाचं हाय?"

हे मी बोलले होते. मला आठवलं.

"मग त्या दिवशी पंगतीत कावून न्हाई बोलली?" मी विचारलं.

तिनं पाना थांबवला. "आई जेवत होती," म्हणाली.

तिनं अन् शेजारणीनं जुनी प्लेट उतरवली, नवी बसवली, चिमटे आवळले, जोड टक्क करून बसवले. गोधड्या काढल्या, स्विच वर केला. खाली पंखा फिरायला लागला. मी तिथंच स्लॅबवर तिच्यापुढं हात जोडायला गेले, तर तिनं माझे हात धरून खाली केले.

"मला नका सांगू. आईला सांगा."

तुमच्याकडं यायला मी एकदा फाट्यापर्यंत आले. गाडी आली, मी चढले नाही. फोन हातात घेते अन् ठेवते. पण खरं सांगू, तुमच्या ओसरीवर येऊन गुपचूप माफी मागणं मला सोपं गेलं असतं. मी बोलले ते माझ्या घरात, जेवत्या ताटावर, चार माणसांत. ते माघारी घ्यायचं तर तिथंच, तुमच्या लेकीच्या देखत. शेजारणीला मी सांगून ठेवलंय, त्या येतील तेव्हा तूही यायचं अन् ऐकायचं.

तेव्हा दिवाळीची वाट बघू नका. बाजाराच्या दिवशी सकाळची गाडी आमच्या फाट्यालाच थांबते. मी उभी राहते तिथं. लेकीसाठी या, माझ्यासाठी नको. पण लवकर या.