शिसम, महोगनी आणि माझे कान

मंडळी, रिटायर झालो. आता टाउनशिपचं क्वार्टर सोडून कोलार रोडला मुलाच्या फ्लॅटमध्ये जायचंय. तिथे माझ्या तीन गिटारींपैकी एकीलाच जागा आहे, म्हणून आज तिन्ही वाजवून पाहिल्या.

शिसमच्या लाकडाची मोठी घुमायला हवी, महोगनीच्या दोन्ही लहान जरा कोरड्या. मला तिन्ही सारख्याच वाटल्या. नव्या तारा चढवल्या, तरी तेच.

बायको स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाली, "अहो, मोठी किती घुमतेय. इथपर्यंत कळतंय की."

तीस वर्षं कारखान्याच्या फोर्ज शॉपमध्ये, लोखंड ठोकणाऱ्या घणांशेजारी काढली. कानात बोळे घालणाऱ्यांना आम्ही 'नाजूकराव' म्हणून हसायचो. गिटारी मात्र जमवत गेलो, रिटायर झाल्यावर निवांत ऐकू म्हणून.

कोणती ठेवायची ते आता बायकोच ठरवेल. ठेवून मी ऐकणार काय, ते तुम्ही सांगा.